इलेक्ट्रिक गिटार : रेडिओवाल्यांनी घडवलेलं वाद्य

10 ऑगस्ट 1937 रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने लॉस एंजेलिसच्या जॉर्ज बीचम यांना विजेवर चालणाऱ्या एका तंतुवाद्याचं पेटंट दिलं. तोवर ते वाद्य बाजारात येऊन पाच वर्षं झाली होती आणि इतर कंपन्यांनी तशीच वाद्यं काढून धंदाही मांडला होता. उशीर झाला तो एका शंकेपायी. याला वाद्य मानायचं की विजेचं उपकरण, आणि मुळात ते चालतं तरी का, हे तपासनिसांना ठरवता येईना. त्यांची खात्री पटावी म्हणून सोल हूपी या नामांकित वादकासह काही जणांना वॉशिंग्टनला पाठवून कार्यालयातच वाजवून दाखवावं लागलं, असं सांगतात. सरकारी दिरंगाईचा नमुना म्हणून ही गोष्ट हसण्यावारी नेली जाते. मला मात्र त्या तपासनिसांचा प्रश्न अगदी मुद्द्याचा वाटतो. गिटारचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तो फार लवकर सोडून दिला आणि ते आकारांच्या, लाकडांच्या, रंगांच्या मागे लागले. इलेक्ट्रिक गिटार म्हणून आपण ज्या वस्तूकडे बोट दाखवतो ते अर्धंच वाद्य आहे. उरलेलं अर्धं वायरच्या दुसऱ्या टोकाला, ॲम्प्लिफायर आणि स्पीकरच्या खोक्यात असतं. या वाद्याने संगीतात जी उलथापालथ केली तिची मुळं बहुतेक त्या खोक्यात सापडतात, आणि ते खोकं गिटार घडवणाऱ्या कारागिरांच्या घराण्यातून आलेलं नाही. ते रेडिओ दुरुस्तीच्या टेबलावरून आलं.

सुरुवातीची गरज साधी होती : ऐकू येण्याची. 1920च्या दशकात अमेरिकेतली नाचाची सभागृहं मोठी होत गेली आणि बँडमध्ये सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ड्रम यांची गर्दी वाढली. चामड्याने मढवलेल्या बँजोचा खणखणीत आवाज त्या गर्दीतूनही कानावर पडे. गिटार मात्र बुडून जाई. कारागिरांनी आपल्या परीने उपाय केले. पेटी मोठी केली, आतड्याच्या तारांऐवजी पोलादी तारा लावल्या, 1920च्या दशकात गिब्सन कंपनीच्या लॉयड लोअर यांनी तर व्हायोलिनसारखी कमानदार पाठपोट असलेली गिटार बनवली. तालाला साथ देण्यापुरतं हे पुरेसं होतं. साथीची गिटार नीट ऐकू आली नाही तरी नाच थांबत नाही. पण त्याच काळात गिटारची आणखी एक जात अमेरिकेत लोकप्रिय झाली होती आणि तिचं काम साथीचं नव्हतं. 1880च्या दशकाच्या उत्तरार्धात हवाई बेटांवर जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी मुलाने गिटार मांडीवर आडवी घेऊन, पडदे न दाबता, तारांवरून पोलादाचा तुकडा सरकवत वाजवण्याची पद्धत रूढ केली, असं मानलं जातं. 1915च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भव्य प्रदर्शनानंतर या हवाईयन गिटारचं वेड देशभर पसरलं. ती गाण्याची चाल वाजवत असे, आणि चाल ऐकू आली नाही तर वाजवण्यात अर्थच उरत नाही. म्हणून विजेची निकड पहिल्यांदा भासली ती या मांडीवरच्या गिटारला. आपल्या डोळ्यांसमोर येणारी, गळ्यात पट्टा अडकवून उभ्याने वाजवायची गिटार पुष्कळ नंतरची.

बीचम स्वतः रंगमंचावर हवाईयन पद्धतीची गिटार वाजवणारे. आवाज वाढवण्यासाठी ते आधी यांत्रिक वाटेनेच गेले होते. जॉन डोपिएरा या कारागिराने त्यांच्यासाठी धातूच्या शरीरात ॲल्युमिनियमचे पातळ शंकू बसवून गिटार बनवली आणि त्यातून 1927च्या सुमारास नॅशनल कंपनीची वाद्यं बाजारात आली. तिच्या धातूच्या अंगांचे साचेकाम ॲडॉल्फ रिकनबॅकर या स्वित्झर्लंडहून आलेल्या गृहस्थांच्या कारखान्यात होई. आवाज खरोखरच वाढला, पण त्यालाही मर्यादा होती, आणि भागीदारांत भांडणं लागली ती वेगळीच. मग बीचम यांनी विद्युतशास्त्राचे रात्रीचे वर्ग केले आणि ग्रामोफोनचा पिकअप उघडून त्याच्याशी खटपट सुरू केली. वीज लावण्याचा प्रयत्न त्यांच्या आधीही झाला होता. शिकागोच्या स्ट्रॉमबर्ग-व्हॉइसिनेट कंपनीने 1928 मध्ये एक विजेची गिटार विकायला काढली होती, पण तिच्यातलं यंत्र पेटीच्या वरच्या फळीची थरथर पकडत असे. म्हणजे आधी लाकडी पेटीने आवाज तयार करायचा आणि मग विजेने तो मोठा करायचा. तो प्रयत्न फारसा चालला नाही. बीचम यांनी पेटीला बगल दिली. नालेच्या आकाराचे दोन लोहचुंबक आणि बारीक तांब्याच्या तारेचं हजारो वेढ्यांचं वेटोळं, एवढंच त्यांनी गिटारच्या तारांजवळ बसवलं. चुंबकाच्या क्षेत्रात पोलादी तार थरथरली की ते क्षेत्र हलतं आणि वेटोळ्यात तितकाच थरथरता विद्युतप्रवाह उमटतो. मायकेल फॅरेडे यांनी 1831 मध्ये दाखवून दिलेलं तत्त्व ते हेच. या मांडणीत हवेचा, लाकडाचा, पेटीच्या पोकळीचा संबंध जवळजवळ उरत नाही. पिकअप आवाज ऐकतच नाही, तो तारेची हालचाल वाचतो.

1932 मध्ये विक्रीला आलेलं ते वाद्य आज संग्रहालयांत दिसतं. ओतीव ॲल्युमिनियमची लांब दांडी, तिच्या टोकाला जेवणाच्या ताटलीहूनही लहान वाटणारी गोल चकती आणि त्या चकतीवर तारांना कवेत घेणारे दोन वाकडे चुंबक. दिसायला ते हुबेहूब तव्यासारखं, म्हणून टोपणनावही ‘फ्राइंग पॅन’ पडलं. आवाज घुमावा अशी पोकळी त्यात कुठेच नाही. विजेविना ते वाजवलं तर तार जेमतेम कुजबुजते. ते कामाला येतं ते ॲम्प्लिफायरला जोडल्यावर, आणि तो ॲम्प्लिफायर नुकताच जगात आला होता. ली डी फॉरेस्ट यांनी 1906 मध्ये तीन भागांचा व्हॉल्व्ह बनवला, जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी 1925 मध्ये आजच्या पद्धतीच्या स्पीकरची रचना मांडली आणि पुढच्या चार-पाच वर्षांत घराघरांत रेडिओ पोचले. गिटारचे पहिले ॲम्प्लिफायर म्हणजे रेडिओचाच मागचा अर्धा भाग. तेच व्हॉल्व्ह, तेच ट्रान्सफॉर्मर, तसंच लाकडी खोकं. रेडिओमध्ये आकाशातून येणारा संदेश जिथे आत शिरत असे तिथे इथे गिटारची वायर जोडली. ऐन मंदीत वाद्याच्या बरोबरीने ॲम्प्लिफायरही विकत घ्यावा लागणं हे गिऱ्हाइकाला जड होतं आणि विक्री बेताचीच झाली. ॲल्युमिनियममुळे आणखी एक तापच झाला : रंगमंचाच्या दिव्यांखाली धातू तापून फुगे आणि स्वर बिघडत. पण तव्याच्या आकाराचं धातूचं वाद्यही उत्तम वाजतं, एवढं त्याने सिद्ध करून ठेवलं.

आता कुणी म्हणेल, वाद्याचा इतिहास वादक घडवतात, व्हॉल्व्ह नव्हे. गिब्सनने 1936 मध्ये पोकळ पेटीच्या गिटारवर पिकअप बसवून ईएस-150 हे वाद्य काढलं, ते गाजलं ते चार्ली ख्रिश्चनच्या बोटांमुळे. 1939 मध्ये तो बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला आणि 1942 मध्ये क्षयाने पंचविशीतच गेला. तेवढ्या अवधीत त्याने जॅझमध्ये गिटारला सॅक्सोफोनच्या पंक्तीला नेऊन बसवलं. हे खरंच आहे. पण त्याने नेमकं काय केलं ते पाहावं. त्याच्या लांबलचक, एकेका स्वराच्या ओळी वाऱ्याच्या वाद्यांच्या वळणाच्या आहेत. तशा ओळी साध्या गिटारवर कुणी वाजवू शकत नव्हतं असं नाही, मात्र बँडच्या कल्लोळात त्या वाजवण्यात काही हशील नव्हतं. मडी वॉटर्सची गोष्टही याच वळणाची. मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यांतून तो 1943 मध्ये शिकागोला आला आणि गजबजलेल्या दारूच्या गुत्त्यांत आपली गिटार कुणाच्या कानापर्यंत पोचत नाही हे कळल्यावर विजेच्या गिटारकडे वळला. गावच्या अंगणातलं ब्लूज शहरात येऊन वेगळं झालं ते त्या गोंगाटामुळे आणि गोंगाटाला उत्तर देणाऱ्या खोक्यामुळे. प्रतिभा वादकाचीच होती, पण तिला नवी जागा मोकळी करून दिली ती आवाजाच्या ताकदीने.

पोकळ पेटीला पिकअप लावण्यात एक अडचण दडलेली होती. सभा-समारंभात माइक स्पीकरसमोर आला की जी कर्कश शिट्टी उठते, तीच इथेही उठे. स्पीकरचा आवाज पेटीला हलवी, पेटी तारांना हलवी, तारा पुन्हा स्पीकरला, आणि बघता बघता सगळं घुमू लागे. आवाज जितका मोठा तितका धोका जास्त. उपाय तर्काने सरळ होता : पेटीच काढून टाकायची. 1940च्या सुमारास लेस पॉल या वादकाने न्यूयॉर्कच्या एपिफोन कारखान्यात चार इंच जाडीच्या पाइनच्या ठोकळ्यावर दांडी, घोडी आणि पिकअप बसवून असं वाद्य केलंही. लोकांना ते विचित्र वाटलं, तेव्हा त्याने एक गिटार मधोमध कापून तिचे दोन अर्धे ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखे चिकटवले. आवाजात काही फरक पडला नाही, पण आता लोकांना ती गिटार वाटू लागली. मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत बोलका पुरावा वाटतो. पेटी उरली होती ती प्रेक्षकांच्या डोळ्यांसाठी. गिब्सन कंपनीला तो ठोकळा दाखवला तेव्हा तिने तो हसण्यावारी नेला. शतकांची परंपरा असलेल्या धंद्यात असं होणं साहजिक आहे, कारण उत्तम पेटी घडवण्याचं कसब हीच तर तिची पुंजी होती.

ज्याच्याकडे ती पुंजी नव्हती, त्याला सोडण्यासारखंही काही नव्हतं. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा माणूस. शिक्षण हिशेबनिसाचं. मंदीत नोकरी गेली तेव्हा 1938 मध्ये त्याने रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. गिटार त्याला वाजवता येत नव्हती आणि जन्मभर तो ती शिकलाही नाही. दुकानात दुरुस्तीला येणारे ॲम्प्लिफायर आणि लाउडस्पीकर पाहून वादकांना काय छळतं ते त्याला कळत गेलं. त्याने स्वतः आधी बनवल्या त्या मांडीवरच्या हवाईयन गिटारी आणि त्यांचे ॲम्प्लिफायर. 1950 मध्ये त्याने उभ्याने वाजवायची भरीव गिटार काढली. तिचं ब्रॉडकास्टर हे नाव एका ड्रम कंपनीने हरकत घेतल्यामुळे वर्षभरात बदलून टेलिकास्टर झालं. अंग म्हणजे एक सपाट फळी. दांडी चिकटवण्याऐवजी चार स्क्रूंनी बसवलेली, म्हणजे पडदे झिजले की कारागिराकडे न जाता दांडीच बदलता यावी. वरची धातूची पट्टी काढली की वायरिंग समोर. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने, दुरुस्तीला सोपं पडावं म्हणून बनवलेलं हे वाद्य आहे आणि हे त्याच्या अंगाअंगात दिसतं. 1954च्या स्ट्रॅटोकास्टरचा तो सुप्रसिद्ध वळणदार आकार कागदावर उतरवण्यात मोठा वाटा होता फ्रेडी तवारेस यांचा, आणि तेही हवाईचे, मांडीवरच्या गिटारचे वादक. गिब्सनला टेलिकास्टरचा धक्का कळला तेव्हा तिने 1952 मध्ये लेस पॉलच्याच नावाने भरीव गिटार आणली, पण तिच्यावर कोरीव कमानदार मेपल, सोनेरी रंग, सगळा जुना थाट चढवून. त्या गिटारमधली पुढची खरी सुधारणाही विजेचीच होती. नौदलात इलेक्ट्रॉनिक्सचं काम केलेल्या सेथ लव्हर यांनी, ॲम्प्लिफायरमधली गुणगुण मारण्याची युक्ती पिकअपला लावून, उलट वेढ्यांच्या दोन वेटोळ्यांचा ‘हंबकर’ बनवला. 1957 पासून तो गिब्सनच्या गिटारींवर दिसू लागला.

लाकडाच्या बाजूने बोलणारे इथे हटकून हरकत घेतात. महोगनी आणि मेपल, ॲश आणि शिसव यांचा आवाज वेगळा असतो, अनुभवी कानाला तो कळतो, असं त्यांचं म्हणणं. भरीव लाकडाचं वजन आणि कडकपणा यांचा तारेच्या थरथरण्यावर काहीएक परिणाम होतो हे कुणी नाकारणार नाही. प्रश्न तो परिणाम किती, हा आहे. मघाचं ॲल्युमिनियमचं वाद्य बाजूला ठेवलं तरी यादी मोठी होते. रिकनबॅकरने 1930च्या दशकातच बेकेलाइटच्या गिटारी काढल्या. नेथन डॅनियल यांच्या डॅनइलेक्ट्रो कंपनीने 1950च्या दशकात पाइनच्या चौकटीवर मॅसोनाइट, म्हणजे लाकडाच्या तंतूंचा दाबलेला पुठ्ठाच म्हणा ना, ठोकून स्वस्त गिटारी केल्या आणि नंतर जिमी पेजसारख्या वादकाला त्या रंगमंचावर हातात घ्यायला कमीपणा वाटला नाही. डॅन आर्मस्ट्राँग यांनी 1969 मध्ये आरपार दिसणाऱ्या ॲक्रिलिकची गिटार बनवली, ती कीथ रिचर्ड्सने वाजवली. सतारीचा भोपळा पुठ्ठ्याचा करून पाहिला तर सतार उरणार नाही. इलेक्ट्रिक गिटार मात्र प्रत्येक वेळी उरली.

याहून अवघड हरकत वेगळी आहे. वीज जर एवढी निर्णायक, तर ती इतर वाद्यांना का नाही फळली? विजेचं व्हायोलिन आलं, 1930च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत विजेचा पियानोही झाला, पण त्यांनी आपापल्या मूळ वाद्याला बाजूला सारलं नाही. उत्तर गिटारच्या उणिवांत आहे. व्हायोलिनच्या तारेला गज सतत ऊर्जा पुरवत असतो. स्वर हवा तितका लांबवता येतो, फुगवता येतो, ओसरू देता येतो. गिटारची तार एकदा छेडली की स्वर तिथपासून विझायला लागतो. आपल्याकडे तंतकार ज्याला तारेची आस म्हणतात ती गिटारला फार थोडी. भरीव अंगाने ती जरा वाढली, कारण तारेची शक्ती पेटी हलवण्यात खर्च होईनाशी झाली. पण ॲम्प्लिफायर त्याच्या क्षमतेबाहेर ढकलला की जे घडतं ते त्याहून मोठं आहे. आवाजाच्या लाटेचे शेंडे व्हॉल्व्हमध्ये चेपले जातात, मोठे आणि लहान स्वर एका पातळीवर येतात आणि विझत चाललेला स्वरही बराच वेळ तितकाच मोठा ऐकू येतो. व्हायोलिनकडे जे आधीच होतं ते विजेने त्याला नव्याने देण्यासारखं नव्हतं. गिटारला तिने आवाज दिला आणि वर गजही दिला म्हणावं लागेल.

हे कुणी ठरवून केलेलं नाही. लिओ फेंडर आयुष्यभर स्वच्छ, न फाटणाऱ्या आवाजाच्या मागे होता, आणि त्या काळच्या प्रत्येक रेडिओवाल्याच्या लेखी आवाज फाटणं म्हणजे बिघाड. मार्च 1951 मध्ये मेम्फिसच्या स्टुडिओत ‘रॉकेट 88’ ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा गिटारवादक विली किझार्टच्या ॲम्प्लिफायरचा स्पीकर प्रवासात खराब झालेला होता. तो आपटला की भिजला याबद्दल हकिकती वेगवेगळ्या आहेत. दुरुस्तीला वेळ नव्हता, म्हणून सॅम फिलिप्स यांनी फाटक्या शंकूत कागद कोंबला आणि ती घरघर तशीच मुद्रित केली. तिथून पुढे बिघाड मुद्दाम घडवले जाऊ लागले. लिंक रे याने 1958च्या ‘रंबल’साठी स्पीकरला पेन्सिलने भोकं पाडली. किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने 1964 मध्ये दाढीच्या पात्याने स्पीकर चिरला. नॅशव्हिलमध्ये 1961च्या एका गाण्याच्या मुद्रणात यंत्राची एक वाहिनी बिघडली आणि ग्रेडी मार्टिनचं वादन फाटून आलं. ध्वनिमुद्रकाने त्या बिघाडाची नक्कल करणारं सर्किट बांधलं आणि 1962 मध्ये ते ‘फझ-टोन’ नावाने पायाशी ठेवायच्या डबीत विकायला आलं. गंमत अशी, की जाहिरातीत ते गिटारचा आवाज ट्रम्पेट-ट्यूबासारखा करणारं साधन होतं. 1965 मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये ते वाजलं आणि दुकानांतल्या डब्या संपल्या. गाणं गाजलं, आणि ट्रम्पेटची आठवण कुणालाच राहिली नाही.

हा सगळा गोंगाटच, संगीत कसलं, ही हरकत जुनी आहे आणि तिला उत्तर देण्यासाठी मराठी वाचकाला फार लांब जायला नको. मिरजेत तंबोऱ्याची घोडी घासून, तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी काढली जाते, तीही तारेचा निखळ स्वर मोडण्यासाठीच. तार घोडीच्या पृष्ठभागावर घासत गुंजते आणि एका स्वरातून वरचे अनेक स्वर फुटतात. फाटलेल्या ॲम्प्लिफायरमध्येही मूळ स्वरात नसलेले वरचे स्वर तयार होतात, फक्त तिथे ते काम घोडीऐवजी व्हॉल्व्ह करतो. त्याची एक कडक अट मात्र आहे. दोन स्वर एकत्र फाटले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे आणखी स्वर जन्मतात. षड्ज आणि पंचम एकत्र वाजले तर ते नवे स्वर सुरात बसतात. गिटारवरचा गंधार समान अंतरांच्या सप्तकामुळे शुद्धापेक्षा चढा असतो, तो घातला की सगळा चिखल होतो. म्हणूनच रॉकमध्ये नुसत्या षड्ज-पंचमाची जोडी वापरण्याची रीत पडली. तिला पुढे ‘पॉवर कॉर्ड’ म्हणू लागले आणि हेवी मेटलची अवघी इमारत तिच्यावर उभी राहिली. संगीताचं व्याकरण बदलणाऱ्या या गोष्टीचा उगम गिटारच्या लाकडात शोधून सापडणार नाही. तंबोऱ्याची जोडीही षड्ज-पंचमाचीच आहे हा योगायोग, पण मला तो निरर्थक वाटत नाही.

ब्रिटनमध्ये हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने घडली. युद्धानंतरच्या आर्थिक निर्बंधांमुळे 1951 ते 1959 तिथे अमेरिकन वाद्यं आयात होत नव्हती, आणि बंदी उठल्यावरही ती महागच पडत. पश्चिम लंडनच्या हॅनवेलमध्ये जिम मार्शल यांचं वाद्यांचं दुकान होतं. मार्शल ड्रमवादक, ड्रम शिकवून गुजराण केलेले. गिऱ्हाइकांच्या मागणीवरून त्यांच्या माणसांनी 1962च्या सुमारास फेंडरच्या एका ॲम्प्लिफायरची नक्कल बनवली. मात्र व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, स्पीकर जे इंग्लंडमध्ये मिळाले ते घातले. नक्कल मुळाहून लवकर आणि जास्त दाटपणे फाटे. 1966 मध्ये एरिक क्लॅप्टन जॉन मेयॉलच्या बँडबरोबर मुद्रणाला बसला तेव्हा त्याने मार्शल पूर्ण ताकदीने चालवण्याचा हट्ट धरला आणि गस डजन या ध्वनिमुद्रकाला नियम मोडून ते मान्य करावं लागलं. क्लॅप्टनच्या हातात होती गिब्सनची जुनी लेस पॉल. ही गिटार गिऱ्हाईक नाही म्हणून कंपनीने 1961 मध्ये त्या रूपात बंद केलेली होती. क्लॅप्टन आणि त्याच्या मागून आलेल्यांमुळे मागणी इतकी वाढली की 1968 मध्ये कंपनीला ती पुन्हा बाजारात आणावी लागली. लाकूड तेच, पिकअप तेच. दहा वर्षांपूर्वी पडून राहणारी वस्तू आता सोन्याच्या भावाने विकली जाऊ लागली, कारण वायरच्या दुसऱ्या टोकाला काय आहे ते बदललं होतं. जिमी हेंड्रिक्सने त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. भरीव अंग आणलं होतं ती शिट्टी टाळण्यासाठी. पण पेटी गेल्यामुळे स्पीकरचा आवाज आता थेट तारेलाच हलवू लागला, आणि तारेला हलवणारी शिट्टी तारेच्याच स्वरात वाजते. ॲम्प्लिफायरसमोर कुठे उभं राहायचं, किती अंतरावर, कोणत्या कोनात, याने ती ताब्यात ठेवता येते. 18 ऑगस्ट 1969च्या सकाळी वुडस्टॉकला त्याने अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं त्यातला निम्मा अर्थ या शिट्टीवर पेललेला आहे.

आपल्याकडे हा इतिहास निराळ्या टप्प्यावर थांबला, आणि त्याला कारण होतं. हवाईयन वादक विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच भारतात येऊ लागले. ताऊ मो यांचं कुटुंब तर 1940च्या दशकात बराच काळ इथे राहिलं. तारेवरून सरकणाऱ्या पोलादातून निघणारी मींड भारतीय कानाला परकी वाटली नाही. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हॅन शिपली आणि हजारा सिंग, कोलकात्यात सुनील गांगुली यांनी गाण्यांच्या चाली वाजवलेल्या तबकड्या घरोघरी वाजल्या. त्यांच्यावर इलेक्ट्रिक गिटार असं छापलेलं असे आणि वाद्य मात्र मांडीवरचं, बीचमच्या वंशातलं. ही गिटार गळ्याची जागा घेत होती, म्हणून ॲम्प्लिफायर तिथे स्वच्छ आणि गोड ठेवलेला. उभी गिटार सिनेमाच्या वाद्यवृंदात, ज्यात गोव्याच्या वादकांचा मोठा भरणा होता, तालाला आणि अधूनमधून तुकड्याला असे. फाटलेल्या आवाजाच्या जवळ जाणारं असं काही सर्वसामान्य श्रोत्याच्या कानी पडलं ते 1971च्या ‘दम मारो दम’मध्ये, भूपिंदर सिंग यांच्या गिटारमधून. कथानकात तो आवाज चरस ओढणाऱ्या हिप्पींचा होता, हे सांगायला नकोच.

1960च्या दशकापासून ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ, टीव्ही, सैन्य, टेलिफोन सगळ्यांनी व्हॉल्व्ह टाकून दिले. अमेरिका आणि पश्चिम युरोपातले व्हॉल्व्हचे कारखाने एकामागून एक बंद झाले. गिटारवाले मात्र हटले नाहीत, कारण ट्रान्झिस्टर फाटतो तो एकदम आणि करवतल्यासारखा, व्हॉल्व्ह फाटतो तो हळूहळू. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धापासून संगणकाच्या चिपवर जुन्या ॲम्प्लिफायरची नक्कल करणारी यंत्रं मिळू लागली. त्यांच्या पडद्यावर यादी असते ती प्रामुख्याने ॲम्प्लिफायरांची आणि स्पीकरच्या खोक्यांची. हातातली गिटार कुठलीही चालते. 2017 मध्ये शिसवाच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. दक्षिण भारतातून जाणारी शिसवही त्यात आली. फेंडरने मेक्सिकोत बनणाऱ्या गिटारींच्या दांडीवर पाऊ फेरो नावाचं दुसरं लाकूड वापरलं, थोडी कुरकुर झाली आणि विक्री चालू राहिली. दोन वर्षांनी तयार वाद्यांना त्या निर्बंधांतून सूट मिळाली तोवर बऱ्याच जणांना नवं लाकूड अंगवळणीही पडलं होतं. मार्च 2022 मध्ये रशियाने काही काळ व्हॉल्व्हची निर्यात थांबवली. जगात गिटारच्या ॲम्प्लिफायरसाठी व्हॉल्व्ह बनवणारे मोठे कारखाने तेव्हा रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन एवढ्याच ठिकाणी उरले होते. काही दिवसांतच दुकानांतला माल संपत आला, किमती चढल्या आणि ज्यांना ते परवडत होतं त्या वादकांनी पुढच्या काही वर्षांची बेगमी करून ठेवली.